प्राणिसंग्रहालयांमुळे वन्यजीव खरोखर वाचतात का?

आपण विचारले आहे की, आजची प्राणिसंग्रहालये वन्यजीवांच्या संरक्षणाला प्रत्यक्षात काही हातभार लावतात का, की ‘संरक्षण’ हा शब्द केवळ प्रवेशद्वाराच्या फलकापुरता असतो. आणि लहान मुलांना तेथे न्यावे की नाही. मी बरीच वर्षे एका प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या नोंदी ठेवण्याचे काम केले आहे, त्यामुळे या कामाची जी बाजू प्रेक्षकांना सहसा दिसत नाही ती मी जवळून पाहिली आहे. त्याच बाजूने उत्तर देते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, शिस्तीने चालवलेल्या काही प्राणिसंग्रहालयांनी काही प्रजातींसाठी जे केले ते त्या वेळी दुसऱ्या कोणालाही करता आले नसते. मात्र प्राणिसंग्रहालय प्रजातीला फक्त वेळ मिळवून देऊ शकते. त्या वेळात जंगलातले, नदीतले किंवा वाळवंटातले मूळ कारण दूर झाले तर प्रजाती घरी परतते, आणि झाले नाही तर तिच्या पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासातच जातात.

प्रेक्षकांसमोर प्राणी असतो, आमच्या टेबलावर त्याची नोंद असते. प्रत्येक प्राण्याचा क्रमांक, जन्मतारीख, आई, वडील, कोठून आला, कोठे गेला, मायक्रोचिपचा क्रमांक, वेळोवेळची वजने, आजार, आणि शेवटच्या रकान्यात मृत्यूची तारीख व कारण. एकाच प्रजातीच्या निरनिराळ्या देशांत असलेल्या प्राण्यांच्या अशा नोंदी एकत्र केल्या की त्या प्रजातीची वंशावळ तयार होते. वन्य प्राण्याची अशी पहिली आंतरराष्ट्रीय वंशावळ १९३२ साली प्रसिद्ध झाली, ती युरोपीय बायसनची. १९२७ मध्ये कॉकेशसमधला शेवटचा रानटी बायसन मारला गेला होता आणि प्राणिसंग्रहालये व खासगी उद्याने मिळून जेमतेम पन्नासएक प्राणी उरले होते. आज जिवंत असलेले सर्व युरोपीय बायसन त्यांपैकी केवळ १२ पूर्वजांचे वंशज आहेत. १९५२ मध्ये पोलंडमधील बियालोवेझा अरण्यात ते पुन्हा मोकळे सोडण्यात आले, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, या प्रजातीला ‘असुरक्षित’ वर्गातून काढून ‘संकटसमीप’ या कमी धोक्याच्या वर्गात ठेवले.

बारा पूर्वजांपासून वाढलेल्या कळपात चार-सहा पिढ्यांनंतर सगळेच एकमेकांचे चुलत, आते, मामे भावंड होऊन बसतात. जवळच्या नात्यात पिल्ले होत गेली की मृत जन्म वाढतात, रोगप्रतिकारशक्ती घटते, नरांची प्रजननक्षमता कमी होते. म्हणून जोडी लावताना सर्वांत धष्टपुष्ट नराला पहिली संधी मिळत नाही. ज्याचे नातेवाईक संपूर्ण समूहात सर्वांत कमी आहेत, त्याला ती मिळते. प्रत्येक प्राण्याचे इतर सर्वांशी असलेले सरासरी नाते आकड्यात काढले जाते आणि त्या यादीवरून सोयरीक जुळवली जाते. स्थळ कधी कधी दुसऱ्या खंडातही असते. मूळ पूर्वजांमध्ये जेवढी जनुकीय विविधता होती तिचा ९० टक्के भाग १०० वर्षे टिकवायचा, हे अशा कार्यक्रमांचे अनेक वर्षे रूढ असलेले उद्दिष्ट आहे. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून आणि युरोपात १९८५ पासून असे संयुक्त प्रजनन कार्यक्रम पद्धतशीरपणे चालू आहेत. चांगल्या कार्यक्रमात प्राण्यांची ही देवाणघेवाण विक्री म्हणून होत नाही, कारण किमतीचा विचार आला की नात्याचा विचार मागे पडतो.

या कामात कागद किती मोलाचा असतो हे मला एका नराने शिकवले. खासगी मालकाकडून जप्त झालेला तो प्राणी आमच्याकडे आला तेव्हा निरोगी, तरुण आणि स्वभावाने शांत होता; परंतु त्याचे आई-वडील कोण, तो कोणत्या प्रदेशातला, त्याच्या रक्तात दुसऱ्या उपजातीची भेसळ आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्या काळी जनुकीय तपासणी आमच्या आवाक्यात नव्हती. तो शेवटपर्यंत एकटा राहिला. त्याच्या नोंदीतील आई-वडिलांच्या रकान्यांत ‘अज्ञात’ हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, आणि आजही बिनकागदाचा प्राणी मोठ्या कौतुकाने दाखवणारी जागा पाहिली की मला तो आठवतो.

प्राणिसंग्रहालये आरंभापासून अशी होती असे मुळीच नाही. क्वाग्गा या झेब्राच्या उपजातीचा शेवटचा प्राणी १८८३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. एके काळी अब्जावधींनी असलेल्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीत मेली. आणि शेवटचा ज्ञात थायलासिन, म्हणजे टास्मानियाचा पट्टेवाला शिकारी प्राणी, १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. या तिन्ही वेळी प्राणी हाताशी होते आणि योजना नव्हती. त्यानंतरच्या काळात जो बदल झाला तो या योजनेचा आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मला अरबी ओरिक्सचे वाटते.

अरबी ओरिक्स हा पांढराशुभ्र, लांब सरळ शिंगांचा वाळवंटी कुरंग. मोटारगाड्या आणि बंदुका वाळवंटात पोहोचल्यावर त्याची इतकी शिकार झाली की १९६२ मध्ये काही ओरिक्स मुद्दाम पकडून सुरक्षित ठिकाणी नेण्याची मोहीम आखावी लागली. मोहिमेला तीनच प्राणी लाभले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने आपली मादी दिली, अरबस्तानातील राज्यकर्त्यांनी आपल्या संग्रहातील काही प्राणी दिले, आणि अमेरिकेतील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात, जेथील कोरडी उष्ण हवा त्यांना मानवणारी होती, नऊ प्राण्यांचा एक कळप उभा राहिला. १९७२ मध्ये ओमानमध्ये शेवटचे रानटी ओरिक्स संपले. त्या दिवसापासून पुढची जवळजवळ दहा वर्षे ही प्रजाती फक्त कुंपणाच्या आत अस्तित्वात होती. जानेवारी १९८२ मध्ये ओमानच्या जिद्दात अल हरासीस या पठारावर पहिला कळप मोकळा सोडला गेला, आणि त्याच्या राखणीचे काम तेथील हरासीस जमातीच्या लोकांनी अंगावर घेतले. वाळवंटात माग काढण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली ही माणसे नसती तर तो कळप पहिल्या काही वर्षांतच गेला असता, असे मला वाटते.

ही कथा येथे थांबवण्याचा मोह होतो, पण तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९६ पर्यंत ओमानच्या अभयारण्यात सुमारे ४५० ओरिक्स झाले होते. मग खासगी संग्राहकांना विकण्यासाठी जिवंत ओरिक्स पकडणाऱ्या टोळ्या आल्या, पुढे तेलाच्या शोधासाठी अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवण्यात आले, आणि संख्या ६५ वर घसरली. २००७ साली युनेस्कोने या अभयारण्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. यादीतून वगळले गेलेले ते पहिलेच स्थळ. तरीही ओरिक्स टिकला, कारण तोपर्यंत सौदी अरेबिया, इस्रायल, संयुक्त अरब अमिरात अशा इतर ठिकाणीही कळप सोडले गेले होते आणि बंदिवासातील साठा शाबूत होता. २०११ मध्ये आययूसीएनने त्याला ‘असुरक्षित’ वर्गात आणले. निसर्गातून नामशेष झालेली प्रजाती इतक्या पायऱ्या वर चढून येण्याची ती पहिली वेळ होती.

कॅलिफोर्निया कॉन्डोर या प्रचंड गिधाडाच्या बाबतीत निर्णय आणखी कठीण होता. १९८२ मध्ये जगात २२ च्या आसपास पक्षी उरले होते. उरलेले सर्व पक्षी पकडून आणावेत की त्यांना मोकळेपणी मरू द्यावे, यावर संरक्षणवाद्यांमध्येच कडाक्याचा वाद झाला. अखेर एप्रिल १९८७ मध्ये शेवटचा मोकळा कॉन्डोर पकडला गेला. तेव्हा एकूण संख्या २७ होती. कॉन्डोरची जोडी साधारण दोन वर्षांत एकच अंडे घालते, पण ते अंडे लवकर काढून घेतले तर मादी बहुधा दुसरे घालते. लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो येथील प्राणिसंग्रहालयांच्या पथकांनी याच गुणाचा फायदा घेतला: पहिले अंडे उबवणी यंत्रात, दुसरे आई-बापांकडे.

अंडे उबवणी यंत्रात ठेवले की काम संपते असे अनेकांना वाटते. मी कॉन्डोर हाताळलेला नाही, पण रानकोंबड्यांच्या कुळातील एका दुर्मीळ पक्ष्याची अंडी आमच्याकडे उबवली जात, तेव्हा रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यांची वजने मी टिपून घेत असे. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि उबवणीच्या संपूर्ण काळात अंड्याचे वजन सुमारे १३ ते १५ टक्के कमी व्हावे लागते. चाळीस ग्रॅमच्या अंड्याच्या बाबतीत ही घट पाच-सहा ग्रॅमची, म्हणजे रोजची जेमतेम पाव ग्रॅम. वजन हळू उतरू लागले तर यंत्रातली आर्द्रता कमी करायची, भराभर उतरू लागले तर वाढवायची. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडे धरले की आत शिरांचे लालसर जाळे दिसते, आणि रुंद टोकाशी हवेची पोकळी दिवसागणिक मोठी होत जाते. पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेते. पोकळी लहान राहिली तर पूर्ण वाढ झालेले पिल्लू कवचाच्या आतच गुदमरते. एकदा वजनकाट्यातला दोष दोन दिवस कोणाच्याच लक्षात आला नाही आणि आम्ही एक पिल्लू गमावले. त्या दोन दिवसांचे आकडे माझ्याच अक्षरात होते.

कॉन्डोरच्या पिल्लांना माणसांची सवय लागू नये म्हणून कॉन्डोरच्या डोक्याच्या आकाराची बाहुली हातात घालून त्यांना भरवले जात असे. तरीही सोडलेले पहिले पक्षी माणसांजवळ येत आणि विजेच्या खांबांवर बसत. मग सोडण्यापूर्वी मोठ्या पिंजऱ्यात खोटे खांब उभारून त्यांवर बसताच सौम्य धक्का बसेल अशी सोय करण्यात आली आणि तरुण पक्ष्यांबरोबर वयस्क पक्षी ठेवले गेले. रीतभात बाहुलीपेक्षा वडीलधाऱ्यांकडून चांगली शिकता येते. १९९२ पासून पक्षी सोडले जात आहेत. आज एकूण संख्या ५०० च्या वर गेली आहे आणि निम्म्याहून अधिक कॉन्डोर मोकळ्या आकाशात आहेत. परंतु शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांच्या अवशेषांत राहिलेले गोळ्यांचे शिसे खाऊन हे पक्षी अजूनही मरतात. कॅलिफोर्नियात शिसे असलेल्या गोळ्या शिकारीसाठी वापरण्यावर २०१९ पासून पूर्ण बंदी आहे, पण कॉन्डोरला राज्याच्या सीमा ठाऊक नसतात. भारतीय उपखंडातील गिधाडांचेही दुखणे हेच आहे: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या मुळावर आले, २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि प्रजनन केंद्रांत वाढवलेल्या गिधाडांचे भवितव्य ती बंदी प्रत्यक्षात किती पाळली जाते यावरच अवलंबून आहे.

कॉन्डोरच्या नोंदींतून निघालेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सॅन दिएगोच्या संशोधकांनी सर्व पक्ष्यांचे जनुकीय नमुने वंशावळीशी ताडून पाहिले तेव्हा दोन पिल्लांचा बाप कोणीच जुळेना. ती पिल्ले नराशिवाय, केवळ मादीच्या अंडपेशीपासून जन्मली होती, तेही माद्या नरांच्या सहवासात असताना. २०२१ मध्ये हा शोध जाहीर झाला. दशकानुदशके कोणी तरी प्रत्येक पिल्लाच्या नोंदी चोख ठेवल्या, म्हणूनच तो लागू शकला.

मोठ्या प्राण्यांविषयी लोक आपण होऊन विचारतात. लहानांविषयी मला सांगावे लागते. टांझानियातील किहांसी नदीच्या धबधब्याखाली, तुषारांनी सदैव भिजलेल्या सुमारे दोन हेक्टर जागेत, पूर्ण वाढूनही तीन सेंटिमीटरच्या आतच राहणारा एक पिवळसर भेक राहत असे. तो अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतो. त्याचा शोध लागला १९९६ मध्ये, आणि त्यानंतर काही वर्षांतच वीजनिर्मितीच्या धरणाने धबधब्याचे सुमारे ९० टक्के पाणी वळवले. २००० साली ४९९ भेक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. सुरुवातीला त्यांचे पाणी, प्रकाश, आहार काहीच नीट जमेना आणि संख्या झपाट्याने घसरली. हळूहळू जमले; ओहायोतील टोलीडोच्या प्राणिसंग्रहालयानेही त्यांना वाढवले. इकडे दरीत कृत्रिम तुषारयंत्रणा बसवली गेली, पण बेडकांच्या कातडीला जडणाऱ्या कायट्रिड बुरशीचा रोग तेथे पोहोचला होता आणि २००९ मध्ये ही प्रजाती निसर्गातून नामशेष घोषित झाली. २०१२ मध्ये अमेरिकेत जन्मलेले भेक त्याच दरीत परत नेऊन सोडण्यात आले. त्यांच्यासाठीचे तुषार आजही नळांतून येतात.

या भेकांना, किंवा फ्रेंच पॉलिनेशियात परकी शिकारी गोगलगाय आणून सोडल्यामुळे नाहीशा झालेल्या पार्टुला गोगलगायींना, वाचवण्यासाठी लागते ती एक खोली, काही काचपेट्या, स्वच्छ पाणी आणि चुका टिपून ठेवणारी चिकाटी माणसे. वाघाच्या एका आवारात अशा शेकडो पेट्या मावतील. प्राणिसंग्रहालयांनी आपली जागा आणि पैसा यापुढे उभयचर, गोड्या पाण्यातील मासे आणि कीटक यांच्याकडे बऱ्याच अधिक प्रमाणात वळवावा, असे माझे ठाम मत आहे.

प्राणी परत सोडणे म्हणजे दार उघडणे नव्हे, हे ब्राझीलच्या सोनेरी सिंह-टॅमरिन या छोट्या माकडांनी दाखवून दिले. प्राणिसंग्रहालयांत त्यांची पिल्ले जगत नसत. अभ्यासाअंती कळले की लहान माकडांनी आपल्या धाकट्या भावंडांना आई-वडिलांबरोबर राहून सांभाळले नाही, तर मोठेपणी त्यांना स्वतःची पिल्ले सांभाळता येत नाहीत. कुटुंब एकत्र ठेवताच संख्या वाढली. १९८४ मध्ये ती अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलात सोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा स्थिर, जाड फांद्यांवर वाढलेल्या माकडांना हलणाऱ्या बारीक फांद्यांवरून जाता येईना आणि झाडाच्या ढोलीतले किडे शोधता येईनात. सुरुवातीच्या गटांत फार थोडी वाचली. मात्र जी वाचली त्यांची पिल्ले जंगलातच जन्मली आणि तरबेज झाली; आज जंगलातल्या सुमारे एक तृतीयांश टॅमरिनांच्या पूर्वजांत प्राणिसंग्रहालयातून आलेली माकडे आहेत. सोडलेल्या प्राण्याची खबर काही काळ मिळत राहते, मग माग काढण्यासाठी बसवलेल्या रेडिओ गळपट्ट्याची बॅटरी संपते आणि आमच्या वहीत त्याच्यापुढचा मृत्यूचा रकाना कोराच राहतो. नोंदी ठेवणाऱ्याला एरवी कोरा रकाना खुपतो. हा एक मात्र खुपत नाही.

संशोधनाचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो एरवी कंटाळवाणा वाटतो. विष्ठेतील संप्रेरकांवरून मादी गाभण आहे का किंवा प्राणी तणावात आहे का हे ओळखण्याच्या पद्धती ओळखीच्या, रोज दिसणाऱ्या प्राण्यांवर पारखून घेता येतात; मग जंगलात प्राण्याला हातही न लावता त्या वापरता येतात. सॅन दिएगोत १९७५ पासून दुर्मीळ प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवल्या जात आहेत. उत्तर अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेटची, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या शिकारी प्राण्याची, सारी प्रजाती १९८७ पर्यंत पकडलेल्या शेवटच्या १८ प्राण्यांपैकी अवघ्या सातांच्या वंशातून वाढली; पण १९८८ मध्ये गोठवलेल्या, या सातांत नसलेल्या एका मादीच्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये क्लोन जन्माला आला, आणि २०२४ मध्ये त्याच पेशींच्या दुसऱ्या क्लोनला पिल्लेही झाली. हरवलेला आठवा पूर्वज तीस-पस्तीस वर्षांनी वंशावळीत परत आला.

आता आक्षेपांकडे येते, कारण त्यांतले बरेच मला मान्य आहेत. प्राणिसंग्रहालयांत दिसणारे बहुसंख्य प्राणी अशा कोणत्याही पुनर्स्थापनेच्या कार्यक्रमात नसतात. पांढऱ्या वाघांची पैदास जवळच्या नात्यात करून त्यांना गर्दीसाठी मिरवणे याचा संरक्षणाशी काहीही संबंध नाही. तिरळेपणा आणि इतर व्यंगे घेऊन जन्मणारी पिल्ले ही त्या हौसेची किंमत आहे. निसर्गात शेकडो किलोमीटर भटकणारे ध्रुवीय अस्वलासारखे मांसाहारी प्राणी बंदिवासात सर्वांत जास्त येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लेही अधिक दगावतात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या संशोधनात दिसून आले होते. वंशावळीच्या गणितालाही एक निष्ठुर बाजू आहे: २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने एका निरोगी तरुण जिराफाला, त्याचे जनुक समूहात आधीच पुरेसे आहेत या कारणाने, ठार केले. गणित बरोबर होते. तरीही मला वाटते की, ज्या प्राण्याला आपण जन्माला घालतो त्याच्या संपूर्ण आयुष्याची सोय जन्माआधी केलेली असली पाहिजे, आणि ती होत नसेल तर ते पिल्लू होऊ न देणे हेच योग्य.

म्हणून मुलांना अवश्य न्या, पण जागा पारखून न्या. ते प्राणिसंग्रहालय कोणत्या प्रजातींच्या संयुक्त कार्यक्रमात आहे, तेथून किती प्राणी सोडले गेले आणि त्यांतले किती एक वर्षानंतर जिवंत होते, मूळ अधिवासातल्या कोणत्या कामाला ते पैसा आणि माणसे देते, हे तेथेच विचारा; ज्यांच्याकडे उत्तर असते ते आनंदाने देतात. पिल्ले कडेवर घेऊन छायाचित्रे काढू देणारी जागा सरळ टाळा. प्राण्याला प्रेक्षकांच्या नजरेआड बसता येईल असा आडोसा आहे का तेही पाहा, आणि त्या आडोशामुळे प्राणी दिसला नाही तर मुलांना त्याचे कारण सांगा. वाघाच्या खंदकापाशी गर्दी असेलच. बेडकांच्या खोलीत बहुधा कोणी नसेल. तेथे थोडा अधिक वेळ थांबा. एखाद्या पेटीवर ‘निसर्गातून नामशेष’ असे लिहिलेले आढळेल, आणि काचेपलीकडे शेवाळावर तो बोटाच्या पेराएवढा प्राणी गळा हलवत बसलेला असेल.